हिचं माहेर कुठलं?

मच्छिंद्र भाऊजींना मी आजवर तीन वेळा हाकलून दिलंय. एकदा तर त्यांचं टेबल, पक्कडी, कार्बनचे डबे, सगळं स्वतःच्या हातानं उचलून रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवलं होतं. ते आले, बघितलं, सगळं परत जागच्या जागी मांडलं आणि मला म्हणाले, "वहिनी, चहा सांगता का? सकाळधरनं घेतला न्हाई." आता असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

तिसगावात पाथर्डी रस्त्याला आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. दुकान काढलं आमच्या ह्यांनी, पण ह्यांचा जीव सगळा शेतात, त्यामुळं गेली बावीस वर्षं काउंटरवर मीच. 'सुरेखाताईंचं दुकान' म्हटलं की लहान पोर पण आणून सोडेल तुम्हाला. भाऊजी म्हणजे ह्यांचे शाळेतले सोबती. दुकानाच्या अंगाला पत्र्याची दहा फुटी पडवी आहे, तिथं ते बसतात आणि ड्रिल, ग्राइंडर, कटर, रंधा, वीज लावून फिरणारं जे असेल ते दुरुस्त करतात. वय अठ्ठावन्न. चष्म्याची एक काडी काळ्या चिकटपट्टीनं बांधलेली. अंगात बारा महिने करडा शर्ट. तसे शर्ट पाच आहेत, पण पाचही एकाच ताग्यातले. त्यांच्या बायकोनं, लंकाबाईंनी, एकदाच काय ते कापड फाडून आणलं आणि त्या कटकटीतून सुटल्या.

आता हाकलून का दिलं ते ऐका, आणि मग मला बोला. आमच्याकडं करण म्हणून एक फरशी बसवणारा येतो. त्याला मार्बल कटर पाहिजे होतं. मी रोनवेलचा डबा काढला. रोनवेल म्हणजे मोठी कंपनी, चकचकीत डबा, आत पुस्तक, वॉरंटीचं कार्ड, सगळं. शेजारी बाहुबल कंपनीचं कटर होतं, साध्या खोक्यात, जवळजवळ निम्म्या किमतीला. मी त्याला समजावतेय, "करण, हलका माल घेऊ नको बाबा, ब्रँड तो ब्रँड." त्याचा हात खिशाकडं गेला, आणि पडवीतून आवाज आला, "दोघींचं माहेर एकच हाय रे. म्या दोनी उघडून बघितल्यात." करणनं हात खिशातून काढला, बाहुबलचं खोकं काखेत मारलं आणि गेला. मी पडवीत गेले आणि जे बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही.

भाऊजींचं म्हणणं असं. मशीनवर लिहिलेलं नाव हे सासरचं नाव. लग्न लागलं की मिळतं. जन्म भलतीकडंच झालेला असतो. "वहिनी, लई कंपन्या सोता मशीन बनवीतच न्हाईत. डबा बनवितात, जाहिरात बनवितात. मशीन बनवितो तिसराच कुनीतरी एका शेडमधी, आन् तोच चौघांना देतो. काही बनवितात बी सोताचं सोता, न्हाई असं न्हाई. पन उघडल्याबिगर कळत न्हाई." त्यामुळं कुणी मशीन घेऊन आलं की भाऊजी आधी त्याचा वास घेतात. खरंच, नाक लावून. मग चार स्क्रू काढतात, आत डोकावतात आणि गिऱ्हाइकाला नाही, मशीनलाच विचारतात, "हं, हिचं माहेर कुठलं?"

मी म्हणायची, "कुठलं का असेना, तुम्हाला काय सोयरीक जुळवायचीय?" तर म्हणायचे, "सासरची मानसं चार-पाच वर्सं इचारत्यात. मॉडेल बंद झालं की दार लावून घेत्यात. मंग दुखलंखुपलं तर जायचं कुठं? माहेरीच जावं लागतं." आणि हे मात्र खोटं नव्हतं. शेवगावहून, जामखेडहून लोक पोत्यात बंद पडलेली मशिनं घालून आणायचे. कंपनीनं 'पार्ट येत नाही' म्हणून परत पाठवलेली. भाऊजी आतलं बघून सांगायचे, ह्याचा गिअर त्या अमक्या नावाच्या मशीनला लागतो तोच आहे, तो आण. आणायचे, बसायचा, मशीन चालायचं. माझा नवा माल काउंटरवर धूळ खात पडायचा आणि माझ्याच पडवीत दहा-दहा वर्षांची मशिनं जिवंत होऊन घरी जायची. सांगा, राग येईल का नाही?

हे त्यांना कळलं कुठून, तर ते स्वतः त्या माहेरातले. आईबाप ऊसतोडीला जाणारे, भाऊजींचं निम्मं बालपण उसाच्या फडात गेलेलं. विसाव्या वर्षी पुण्याकडं गेले आणि भोसरीच्या एका शेडमध्ये लागले. कायम नाही, ठेकेदाराकडून. पण सोळा-सतरा वर्षं एकाच शेडमध्ये. त्यांचं काम मोटारीच्या तारेची गुंडाळी बांधायचं. शेडच्या ह्या टोकाला गुंडाळी, त्या टोकाला वेगवेगळ्या रंगांच्या कव्हरांचे ढीग. आतलं एकच, वरून ज्या कंपनीची ऑर्डर तिचं कव्हर, तिचं नाव. पुढं ते शेड कुठंतरी हललं, ठेकेदार बदलला आणि भाऊजी लंकाबाईंना घेऊन गावाकडं आले. ह्यांनी त्यांना पडवीत बसवलं. मला विचारलं पण नाही, हो! नंतर कळलं.

तर ह्या वर्षीची गोष्ट. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विजयमाला आली. टमटममधून उतरली ती पोत्यात गुंडाळलेलं लोखंड कापायचं मोठं कटर घेऊनच. पंधरा-सोळा किलोचं धूड एकटीनं पोटाशी धरून आणलं आणि माझ्या काउंटरवर ठेवलं.

विजयमालाची वस्ती पाथर्डीच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला. ती आणि तिचा नवरा गोरक्ष, दोघांनी पंधरा हंगाम ऊस तोडला. एका हंगामात गोरक्ष डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवरून चढताना घसरला आणि त्याची कंबर कायमची गेली. मग तो बसल्या जागी वेल्डिंग करायला शिकला आणि ही लोखंड कापायला. खिडक्यांच्या जाळ्या, फाटकं, गुरांच्या गव्हाणी. चार वर्षं झाली, त्या घरानं साखर कारखान्याचं तोंड बघितलं नव्हतं. लेक दिपाली आता दहावीला आहे. जन्मात पहिल्यांदा ती एका शाळेत सलग चार वर्षं बसली.

आणि ते मशीन मीच दिलेलं, हे सांगायला मला लाज वाटतेय. रोनवेलचंच होतं. मी ते खूप वर्षांपूर्वी गावातल्या एका म्हाताऱ्या फॅब्रिकेशनवाल्याला नवं विकलेलं. त्यानं धंदा बंद केला तेव्हा मीच मध्ये पडून ते विजयमालाला देवविलं. वर तोंड करून म्हणाले होते, "रोनवेल आहे, बाई. पार्ट कधीही मिळणार. नाही मिळाला तर येऊन माझ्या तोंडावर सांग."

ती तेच सांगायला आली होती, पण तोंडावर नाही. मान खाली घालून म्हणाली, "ताई, मशीन जळलं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. एका शेतकऱ्याच्या कांदा चाळीचं काम तिनं घेतलं होतं. जवळचं होतं नव्हतं ते घालून अँगल आणून टाकलेले. दिवाळीच्या आत सांगाडा उभा करायचा, नाहीतर तो दुसऱ्याला सांगणार. आसपासच्या सगळ्यांची मशिनं दिवाळीपर्यंत गुंतलेली. आणि नेमकं ऊसतोडीच्या टोळीच्या मुकादमाला ऐनवेळी एक कोयता कमी पडला होता. कोयता म्हणजे जोडी, ऊस तोडणारी दोन माणसं. गोरक्ष तर जाऊ शकत नाही, म्हणून विजयमाला आणि तिची जाऊ भागूबाई, ह्या दोघींनी मिळून एक कोयता व्हायचं असं बोलणं झालं होतं. भागूबाईचा नवरा वारलेला, ती पण ह्यांच्यातच राहते. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी निघणार.

"मशीन झालं तर जायचं न्हाई, न झालं तर जायचं. घरात ठरलंय," विजयमाला म्हणाली.

"आणि दिपाली?"

"तिला कुठं ठिवू? संग येईल. सैपाक करील."

इतक्या सरळ आवाजात म्हणाली ती. मी म्हटलं, "हे बघ, आत नवं मशीन आहे. घेऊन जा. पैसे सावकाश दे, मी काय कुठं पळून जात नाही."

"न्हाई ताई. पंधरा वर्सं मुकादमाची उचल घिऊन राबले. आता कुनाची उचल न्हाई."

"अगं, ही काय उचल आहे का?"

"आधी घ्यायचं आन् मंग फेडीत बसायचं. मला तर एकच दिसतंय."

मग मी फोन उचलला आणि रोनवेलच्या ग्राहक सेवेला लावला. आधी दहा मिनिटं गाणं. मग एक मुलगी हिंदीत बोलायला लागली, तिला मशीनच्या पाटीवरचा नंबर सांगितला. म्हणाली, हे मॉडेल नऊ वर्षांपूर्वी बंद झालं, पार्ट येत नाहीत, जुनं द्या आणि नव्यावर सवलत घ्या. मी म्हटलं, अगं पण आमच्या शब्दाचं काय? मुलगी म्हणाली, मॅडम, और कोई सहायता? फोन आपटला मी. तिचा काही दोष नव्हता बिचारीचा, पण आपटला.

एवढं सगळं होईपर्यंत भाऊजी पडवीत बसून होते. मला वाटलं आता म्हणणार, बघा वहिनी, सासरच्यांनी दार लावलं. पण ते उठून आले, काउंटरवरचं मशीन उचललं, वास घेतला आणि विजयमालाकडं बघितलं. "माय, पानी कुठून शिरलं हिच्यात?"

तिनं सांगायच्या आत भाऊजींनी कव्हर काढलं. आत तारेच्या वेटोळ्यात ओलं कुंकू, हळद आणि झेंडूची एक पाकळी अडकलेली. अक्षरशः पाकळी! मी बघतच राहिले.

तेव्हा ती म्हणाली, "खंडेनवमी हुती ना. हत्यारं धुत्यात. समद्यात आधी हिलाच धुतली. हौदाच्या पान्यानं, चांगली घासून. पूजा केली, नारळ फोडला आन् म्हनलं शकुनाला एक अँगल कापावा. तर भक्कन जाळ निघाला."

"अगं बाई माझे! विजेच्या मशीनला आंघोळ घातलीस?"

"कोयत्याला पंधरा वर्सं घातली, ताई. त्याला कधी काय झालं न्हाई." आणि ती रडायला लागली. मला हसू पण येत होतं आणि तिच्यासोबत रडू पण. ज्यानं घर सावरलं त्याला सणाला आंघोळ घालू नये तर काय करावं माणसानं? मी तिला पाणी दिलं आणि स्वतः पण प्यायले.

भाऊजी मशीन घेऊन बसले होते. मोटारीतला फिरणारा भाग, आर्मेचर म्हणतात त्याला, तो पार कोळसा झाला होता. त्याच्याभोवतीची जी गुंडाळी असते, ती मात्र नुसती भिजलेली, जळालेली नव्हती. विजयमाला डोळे पुसत वाकून बघत होती. बघता बघता तिनं त्या गुंडाळीवरच्या दोऱ्याला बोट लावलं.

"ही तर मोळीवानी बांधलीय," ती म्हणाली.

भाऊजींचा हात थांबला. "काय म्हनली?"

"मोळीवानी. गाठच न्हाई हिला. उसाच्या शेंड्याचं वाढं कसं फिरवितात, पीळ देत्यात आन् टोक आत खोचत्यात, तशी. मोळी वाहिलेल्या मानसानं बांधलीय ही."

आता मी भाऊजींना वीस वर्षं ओळखते. त्यांना मी चिडलेलं बघितलं नाही, फार हसलेलं पण बघितलं नाही. त्या दिवशी मात्र त्यांच्या तोंडाकडं बघवेना. चष्मा काढून त्यांनी ती गुंडाळी नाकाशी नेली, वास घ्यायला नाही, नीट बघायला. मग हळूच म्हणाले, "म्याच बांधलीय ती."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"शेडमधी समदे गाठ मारायचे. मला आईनं फडात मोळी बांधायला शिकविलेली, म्या तशीच खोचायचो. सुपरवायझर लई वरडायचा, येळ लागतो म्हनायचा. पन माझी कधी सुटली न्हाई. दिवसाला साठ-सत्तर बांधायचो, वहिनी. एवढ्या वर्सांत किती झाल्या असत्याल त्याचा हिशेबच न्हाई. कव्हर लागायचं, डब्यात जायच्या. पुढं कुठं गेल्या, कुनाच्या हाताला लागल्या, काय ठावं न्हाई." मग चष्मा परत चढवून म्हणाले, "आजवर कुनी वळखली न्हाई."

मी रोनवेल रोनवेल करत विकलेलं मशीन. मी त्याच्या डब्यावर हात ठेवून शपथा घेतलेल्या. आणि ते बनवणारा माणूस माझ्याच पडवीत बसून माझा चहा पीत होता, आणि मी त्याला तीन वेळा हाकललेला. मला इतकी लाज वाटली की मी लगेच चिडले. "मग बसलाय काय असे? तुमचीच आहे ना? करा की नीट!"

"नीट कराया आर्मेचर लागंल. मिळनार तर न्हाई. हातानं भरावं लागंल," ते म्हणाले. "आन् मला दिसत न्हाई."

खरं होतं ते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, डॉक्टरनं दिवाळीनंतरची तारीख दिलेली. दोन वर्षांपासून त्यांनी हातानं तार भरायचं काम बंदच केलं होतं. केसाएवढी तार, बारीक बारीक खाचा, एक वेढा इकडचा तिकडं झाला की सगळं मुसळ केरात. पण विजयमालाकडं एकदा बघितलं आणि त्यांनी जळकी तार सोलायला घेतली.

दोन दिवस ते त्या पडवीतून उठले नाहीत. दुपारी लंकाबाई भाकरी आणून द्यायच्या आणि बसून राहायच्या, कारण उठल्या की भाऊजी जेवायचे नाहीत. तिसऱ्या दिवशी त्रयोदशीला विजयमाला आली. भाऊजींनी मशीन जोडलं, बटण दाबलं. घर्र झालं, आर्मेचरला घासणाऱ्या कार्बनपाशी निळ्या ठिणग्या उडाल्या, जळका वास सुटला आणि पडवीसकट माझ्या दुकानाची वीज गेली.

लगेच भाऊजींनी आर्मेचर परत काढलं, डोळ्याजवळ नेलं, लांब धरलं, परत जवळ नेलं. "एक टोक भलत्याच खाचंला लागलंय," म्हणाले. "दिसलंच न्हाई मला." ते आर्मेचर तसंच मांडीवर घेऊन बसले. एवढा मोठा माणूस, पण त्या वेळी त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. विजयमालानं पदर खोचला आणि म्हणाली, "ठीक हाय दादा. तुमी लई केलं. म्या बोचकं बांधते." आणि जायला वळली.

"थांब!" मी ओरडले. दुकानातली गिऱ्हाइकं दचकली. "बोचकं बांधते म्हणे! मोळी तुला दिसली, ह्यांना नाही दिसली. डोळे आहेत ना तुला? हात आहेत ना? हे सांगतील, तू भर. बस तिथं!"

मला वाटलं भाऊजी नाही म्हणतील. पस्तीसेक वर्षांचं काम, ते काय दोन दिवसांत कुणाला येतं का? पण ते बाजूला सरकले आणि तिला उजेडाच्या बाजूला जागा करून दिली.

मग बघण्यासारखं होतं. विजयमाला भरायची, भाऊजी डोळे मिटून बोटानं चाचपायचे. "वढू नको. वढू नको, माय. ऊस न्हाई ह्यो. हां. आता मोज." ती मोठ्यानं मोजायची. एखादं गिऱ्हाईक मध्येच बोललं तर मी त्याच्या अंगावर धावून जायची. "तोंड बंद! मोजणी चाललीय." तिचे ते कोयत्यानं चरे पडलेले, घट्टे पडलेले हात, मला वाटलं होतं तार तुटेल. एकदा तुटली पण. ती शिव्या खायला तयार होऊन बसली, भाऊजी फक्त म्हणाले, "माझी पयल्या दिशी नऊ येळा तुटली हुती." चतुर्दशीला दिवे लागायच्या आत शेवटचं टोक लागलं. मग दोरा बांधायची वेळ आली. भाऊजी काही सांगायला गेले, पण तिनं तोवर पीळ देऊन टोक आत खोचून टाकलं होतं.

कोजागिरीचा दिवस तारेवर दिलेलं रोगण वाळण्यात गेला. माझ्या पत्र्यावर वर्तमानपत्र घालून ते आर्मेचर उन्हात ठेवलेलं, आणि कावळा येऊ नये म्हणून मी काउंटर सोडून बाहेर खुर्ची टाकून बसलेले. ह्यांनी शेतावरून येऊन विचारलं, हे काय चाललंय? मी म्हटलं, तुमच्या मित्राला विचारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी विजयमाला आली ती बोचकं घेऊनच. दिपाली सोबत, तिच्या पाठीला शाळेचंच दप्तर, पण त्यात कपडे भरलेले. मी ते फुगलेलं दप्तर बघितलं आणि देवाला हात जोडले. गाडी वस्तीवरून निघून तिसगावातूनच जाणार होती, ह्या मायलेकी इथं चढणार आणि भागूबाई तिकडूनच बसून येणार, असं ठरलेलं. भाऊजी मशीन जोडत होते. स्क्रू दोनदा खाली पडला. दिपालीनं वाकून दोन्ही वेळा उचलून दिला.

तेवढ्यात ट्रक आलाच. दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडं थांबला. मागं माणसं, बायका, पातेली, शेळ्या, सगळं गच्च. भागूबाई फळीशी बसलेली दिसली, मांडीवर गाठोडं, डोक्यावरून पदर. मुकादम खाली उतरला आणि रस्त्यापलीकडूनच ओरडला, "ए विजयमाला, चल! येळ न्हाई!"

भाऊजींनी शेवटचा स्क्रू आवळला. पिन लावली. बटणावर बोट ठेवलं आणि मग काढून घेतलं. "तूच दाब," म्हणाले.

विजयमालानं डोळे मिटून बटण दाबलं.

अहो, काय आवाज निघाला! पडवीचा पत्रा थरथरला, माझ्या दुकानातल्या बरण्या वाजल्या. ठिणगी नाही, वास नाही, नुसता सरळ एकसारखा आवाज. मुकादम रस्त्यापलीकडून काहीतरी ओरडत होता, त्याचं तोंड उघडत होतं आणि मिटत होतं, पण शब्द एक ऐकू येत नव्हता. भाऊजी तिच्या कानाशी ओरडले, "बास, बास, सोड आता!" ती सोडेना. दिपालीनं तिचा दंड धरला तरी सोडेना. नुसती मुकादमाकडं बघत होती, बोट बटणावर घट्ट, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी भाऊजींना मागं ओढलं. "चालू द्या हो! आज चालू द्या!"

मुकादमाला कळलं. हात झाडत तो ट्रककडं वळला आणि भागूबाईला काहीतरी म्हणाला. काय म्हणाला असेल ते मला न ऐकताच कळलं. अर्धा कोयता कुणी नेत नाही. भागूबाई क्षणभर बसून राहिली. मग तिनं गाठोडं खाली फेकलं, त्यामागून तवा फेकला, साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि त्या उंच ट्रकवरून स्वतः उडी मारली. पन्नाशीची बाई! ट्रक निघून गेला, धूळ खाली बसली, तरी ती रस्त्याच्या पलीकडं तवा हातात घेऊन उभीच होती.

तेव्हा कुठं विजयमालानं बटण सोडलं. भागूबाई रस्ता ओलांडून पडवीत आली. तिनं मशीनकडं बघितलं, जावेकडं बघितलं आणि मग भाऊजींना म्हणाली, "हिचं तर झालं. मला तोडायबिगर काय येत न्हाई. आता माझ्या हाताला काय काम?"

भाऊजींनी टेबलाखालचा डबा पुढं ओढला, त्यातलं एक जळकं आर्मेचर काढलं, शर्टाला पुसलं आणि तिच्या हातात दिलं. "बस," म्हणाले. "आधी जुनी तार सोडवाया शीक."